दार-ए-सलामला येऊन काही महिने झाले, अजून रुळले नाहीये, तिथे राहिलेल्यांनी सांगा प्लीज

रानजाई:

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. नवऱ्याला टांझानियात नोकरी मिळाली म्हणून आम्ही नाशिकहून दार-ए-सलामला आलो, मुलगा दुसरीत आहे, इथल्या सीबीएसईच्या इंडियन स्कूलमध्ये घातलाय. मी बँकेतली नोकरी सोडून आलेय. राहायला उपांगात आहोत, घर चौथ्या मजल्यावर, वारा चांगला येतो, शेजार बहुतेक गुजराती, माणसं प्रेमळ आहेत, खालच्या दुकानात पोहे साबुदाणा सगळं मिळतं, म्हणजे रडण्यासारखं काही नाही हे मला कळतं.

पण माझं मन लागत नाहीये. नवरा सकाळी साडेसातला ड्रायव्हरबरोबर जातो तो संध्याकाळी येतो, मुलगा दुपारी येतो, आणि मधला सगळा वेळ मी खिडकीत. आल्या आल्या सगळ्यांनी सांगितलं की एकटी चालत जाऊ नकोस, बजाजीत (इथली रिक्षा) एकटी बसू नकोस, पर्स ओढतात, त्यामुळे मी जातच नाही कुठे. सामान फोनवरून मागवते. भाषा येत नाही, खालचा वॉचमन रोज काहीतरी बोलतो आणि मी नुसती मान हलवते. नाशिकमध्ये मी स्वतःची गाडी चालवत गंगापूर रोडवरून रोज ऑफिसला जाणारी बाई होते हो, आता नवरा रविवारी नेईल तेव्हा बाहेर.

त्यात हवा. नाशिकची कोरडी हवा कुठे आणि ही चिकचिक कुठे. लाइट जाते, पाण्याचं टँकरवर अवलंबून. आणि सगळ्यात जास्त भीती मलेरियाची, मुलाला जरा कणकण वाटली की माझी झोप उडते. परवा शेजारच्या मावशी म्हणाल्या की अगं इथे मलेरिया म्हणजे सर्दीसारखा, होतोच, आणि ते ऐकून जास्तच घाबरले.

विचारायचंय की तुम्ही लोक कसे रुळलात? दिवस कसा घालवायचा? स्वाहिली शिकायलाच लागते का, इथे तर सगळे इंग्रजी-गुजरातीवर भागवतात. मला इथे काम करता येईल का? आणि मसाकी किंवा मिकोचेनीला घर बदललं तर फरक पडेल का? कृपया 'सवय होईल' एवढंच सांगू नका, ते सगळे सांगतात.


समुद्रफेस:

रानजाई, तुझी पोस्ट वाचून लगेच लिहायला बसले. मी रत्नागिरीची, लग्न होऊन दारला आले आणि मुलं इथेच मोठी झाली, त्यामुळे माझं ऐक.

पहिलं म्हणजे घर बदलू नकोस. मसाकी सुंदर आहे, समुद्र आहे, पण तिथे प्रत्येक गोष्टीला गाडी लागते आणि भाडी डोळे पांढरे करतात, मालक सहा महिन्यांचं नाहीतर वर्षाचं भाडं एकदम मागतो. शिवाय तिकडे गेलीस तर आत्ता आहेत तेवढीही माणसं आजूबाजूला राहणार नाहीत. उपांगाहून किसुटूचा बाजार जवळ, शाळा जवळ, हॉस्पिटलं जवळ. बदलायचंय ते घर नाही, घराबाहेर पडायची पद्धत.

पर्स ओढतात हे खरं आहे, मोटारसायकलवरून येऊन ओढतात, त्यामुळे खबरदारी घ्यायचीच. पर्स न्यायचीच नाही, थोडे शिलिंग खिशात, फोन रस्त्यावर हातात धरायचा नाही, फुटपाथच्या आतल्या बाजूने चालायचं, सोनं घरी, आणि अंधार पडायच्या आत परत. इथे वर्षभर सहा ते सातच्या दरम्यान मावळतं, उन्हाळ्यात उशिरापर्यंत उजेड वगैरे प्रकार नाही. एवढं पाळलं की सकाळी आठ-नऊला किसुटूपर्यंत चालत जाण्यात काहीच अडचण नाही, हजारो बायका जातात. ज्या बायका तुला नको जाऊ म्हणतात ना त्यांच्यातल्या कितीजणी स्वतः जाऊन बघून आल्यात हे एकदा विचार. मला राग येतो या गोष्टीचा, नवीन आलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यातच इतकं घाबरवून ठेवतात की तिचं निम्मं वर्ष घरात जातं.

आता भाषा. शिकायलाच लागते, आणि आजच सुरू कर. इंग्रजी-गुजरातीवर भागतं ते दुकानात आणि ऑफिसात, शेजार त्याने मिळत नाही. आणि स्वाहिलीत सुरुवात शब्दांनी करू नकोस, नमस्कारांनी कर. आपण दुकानात गेलो की थेट 'टोमॅटो कसे दिले' विचारतो, इथे ते फार उद्धट वाटतं. आधी 'हबारी या असुबुही', मग तो म्हणणार 'न्झुरी', मग तो तुझं विचारणार, घरचे कसे आहेत, काम कसं चाललंय, आणि मग भाव. वयाने मोठ्या माणसाला 'शिकामो' म्हणायचं, तो 'माराहाबा' म्हणतो. तुझा वॉचमन वयस्क असेल तर उद्या सकाळी त्याला 'शिकामो' म्हण आणि त्याचा चेहरा बघ. तो रोज तुला तेच विचारतोय गं, कशा आहात म्हणून.

आपल्याकडचे बरेच लोक वर्षानुवर्षं राहून फक्त हुकमाची स्वाहिली शिकतात, लेता म्हणजे आण, ओशा म्हणजे धू, हराका म्हणजे लवकर, बस संपलं. तशी शिकू नकोस. 'नाओंबा' हा शब्द आधी पाठ कर, विनंती करते, मला द्याल का अशा अर्थाचा, नाओंबा न्यान्या किलो मोजा म्हणजे एक किलो टोमॅटो द्या. कुणी दमलेलं दिसलं, कुणाला ठेच लागली, कुणाच्या घरी दुःख झालं, सगळ्याला 'पोले' म्हणायचं. नीट शिकायचं असेल तर दार-ए-सलाम विद्यापीठात परदेशी लोकांसाठी स्वाहिलीचे वर्ग असतात, पण ते म्लिमानीला, उपांगापासून लांब. घरी येऊन शिकवणारे शिक्षकही मिळतात, एखाद्या शाळेतल्या शिक्षिकेला विचार, तिलाही थोडे पैसे होतात.

आणि वेळेचं नीट समजून घे नाहीतर प्लंबरवर उगाच चिडशील. इथे दिवस सूर्य उगवल्यापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, सा मोजा. तो 'सा न्ने' म्हणजे चार म्हणाला तर सकाळी दहाला येणार. फोनवर बोलताना दोन्ही पद्धतीने विचारून घ्यायचं.

किसुटूला गेलीस की तुला बरं वाटेल बघ. म्चिचा म्हणून जुडी मिळते ती आपली माठाची भाजीच समज, लसूण घालून परतायची. अळकुड्या, भेंडी, वांगी, मेथी, सगळं आहे. नारळ तर इथे रोजचा, आणि नारळ खवायला 'म्बुझी' असते, बसायच्या लाकडी पाटाला पुढे दातेरी पातं, हुबेहूब आपली खवणी, मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बाजारात उभी राहून हसत होते. मासे खात असाल तर नवऱ्याला घेऊन पहाटे फेरीच्या मासळीबाजारात जा, किवुकोनीला, 'न्गुरू' म्हणजे सुरमई, 'कांबा' म्हणजे कोळंबी. आणि 'डागा' म्हणून वाळवलेले बारीक मासे मिळतात त्याचं सुकटासारखं कालवण अप्रतिम होतं, तुम्ही घाटावरचे खाता का माहीत नाही.

हवेचं म्हणशील तर तू नेमकी कधी आलीस? डिसेंबर ते मार्च इथला सगळ्यात वाईट काळ. मग मार्च ते मे 'मसिका', मोठा पाऊस. त्यात कपाटातल्या चामड्याच्या वस्तूंना, रेशमी साड्यांना बुरशी येते, पैठणी आणली असशील तर सुती कापडात गुंडाळ आणि कोरड्या दिवशी पंख्याखाली काढ. जून ते सप्टेंबर मात्र इतकी छान हवा असते की तू म्हणशील हेच का ते गाव. गणपतीच्या वेळी इथे कोरडं असतं, आपल्यासारखी छत्री घेऊन मूर्ती आणायची वेळ येत नाही.

कामाबद्दल नंतर लिहिते, आत्ता स्वयंपाक राहिलाय.


तांबडंफुटलं:

मलेरियाबद्दल मी लिहितो, मी पॅथॉलॉजीत आहे आणि पूर्व आफ्रिकेत बरीच वर्षं काढलीत.

शेजारच्या मावशी म्हणतात तसा तो सर्दीसारखा अजिबात नाही. तिथे मुख्यतः फाल्सिपेरम मलेरिया असतो, तोच जीवघेणा होऊ शकतो, लहान मुलांत तर दोन-तीन दिवसांत परिस्थिती बिघडू शकते. पण लगेच तपासला आणि औषध सुरू केलं तर पूर्ण बरा होतो, त्यामुळे घाबरण्यापेक्षा एक नियम पाळा, ताप म्हणजे त्याच दिवशी रक्ततपासणी. उद्या बघू नाही, क्रोसिन देऊन वाट बघू नाही. रॅपिड टेस्ट बहुतेक लॅबमध्ये मिनिटांत होते, निगेटिव्ह आली आणि ताप उतरत नसेल तर परत करायची, शक्यतो स्लाइडवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली रक्त बघून. एकदा मलेरिया होऊन गेला की रॅपिड टेस्ट बरा झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते, तेव्हा स्लाइडच बघायची.

औषध तिथे साधारणपणे आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन देतात, तीन दिवसांत सहा डोस. ते दुधाबरोबर किंवा स्निग्ध खाण्याबरोबर घ्यायचं नाहीतर अंगात नीट शोषलं जात नाही, आणि ताप उतरला म्हणून अर्धवट सोडायचं नाही. भारतातून कुणी क्लोरोक्विनच्या गोळ्या पाठवत असेल तर त्या घेऊ नका, आफ्रिकेतल्या फाल्सिपेरमवर त्या चालत नाहीत.

दिलासा द्यायचा तर दार शहरात मलेरियाचं प्रमाण देशाच्या इतर भागांपेक्षा बरंच कमी आहे. व्हिक्टोरिया सरोवराकडे किंवा दक्षिणेला म्तवारा-लिंडीकडे जास्त. म्हणजे फिरायला गेलात की जास्त काळजी, आणि तेव्हा प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या का हे आधी डॉक्टरला विचारा. मलेरियाचा डास रात्री चावतो, त्यामुळे औषध लावलेली मच्छरदाणी रोज, एसी असला तरी. दिवसा चावणारा वेगळा, तो डेंग्यूचा, २०१४ आणि २०१९ मध्ये दारला डेंग्यूची मोठी साथ येऊन गेलीय. म्हणून बाल्कनीतल्या कुंड्यांच्या ताटल्या, पाण्याची पिंपं, सगळं झाकून. डेंग्यूची शंका असेल तर ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन नको, फक्त पॅरासिटामॉल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक विसरतात. सुट्टीला नाशिकला आलात आणि मुलाला ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगा की आम्ही टांझानियात राहतो. नाहीतर ते व्हायरल समजून दोन दिवस थांबायला सांगतील. चावल्यानंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी ताप येतो, कधीकधी त्याहूनही उशिरा, म्हणजे तिथे चावलेला डास इथे आल्यावर ताप देऊ शकतो. आजी-आजोबांनाही हे सांगून ठेवा.

यलो फीव्हरची लस घेतली असेलच, कार्ड जपून ठेवा, २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरतात. तुमची फ्लाइट अदिस किंवा नैरोबीवरून असेल तर कार्ड हाताशीच ठेवा.


माणदेशी:

समुद्रफेस यांच्याशी बहुतेक सहमत, फक्त उपांगाबद्दल माझं मत वेगळं आहे. मी कडधान्याच्या व्यापारात होतो, बराच काळ बाबाटीला आणि म्तवाऱ्याला राहिलो, दारला येऊन-जाऊन. उपांगात राहून माणूस टांझानियात येतच नाही, जामनगरात राहिल्यासारखं वाटतं. सोय आहे, मान्य, पण ती सोयच तुम्हाला अडकवते. माझ्या ओळखीचे लोक आहेत जे वीस वीस वर्षं राहून एकाही टांझानियन माणसाच्या घरी जेवलेले नाहीत, आणि मग म्हणतात की इथले लोक आपल्यात मिसळत नाहीत.

याला इतिहास पण आहे तो माहीत असलेला बरा. तुम्ही राहता त्या भागातल्या जुन्या इमारती एकेकाळी भारतीय कुटुंबांच्या होत्या, १९७१ मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या सरकारने भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती कायदा करून ताब्यात घेतल्या, बरीच कुटुंबं कॅनडा-इंग्लंडला निघून गेली. जुन्या गुजराती घरांमध्ये ती जखम अजून आहे आणि तुम्हाला जी भीती घातली जाते त्यातली थोडी तिथून आलेली आहे. दुसऱ्या बाजूने, इंग्रजांच्या काळापासून दुकानदार म्हटलं की म्हिंडी, म्हणजे भारतीय, असं इथल्या सामान्य माणसाच्या मनात बसलेलं. आपण दोन्हीकडचं ओझं घेऊन येत नाही, नवीन आहोत, तर आपण सरळ सुरुवात करू शकतो. घरी बोलावलं तर जा. उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) हाताने खायची असते, आपल्याला ती सवय आहेच, एवढ्यावरसुद्धा लोक खूश होतात.

आणि तुमची तूरडाळ, रानजाई. तूर तिथे ढिगाने पिकते, 'म्बाझी' म्हणतात, किनाऱ्यावर नारळाच्या दुधात शिजवून सकाळी मांदाझीबरोबर (तळलेला गोडसर पाव) खातात, जरूर खाऊन बघा. आणि ती भारतात येते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली तेव्हा टांझानियातल्या शेतकऱ्याचा भाव अक्षरशः कोसळला, लोक पीक शेतातच सोडत होते. त्याच वर्षी आपल्याकडे लातूर-अकोल्याला खरेदी केंद्रांबाहेर तुरीच्या गाड्या उभ्या होत्या, आपल्या शेतकऱ्याला भाव नाही म्हणून तर ती मर्यादा. मी दोन्हीकडच्या शेतकऱ्यांशी बोललोय, दोघांची हकीकत एकच होती. हे एवढ्यासाठी सांगतो की हा देश आपल्याला परका नाही, आपण बघितलेला नसतो एवढंच.

घर बदला असं मी म्हणत नाही, मुलाची शाळा तिथे आहे. पण आठवड्यातून एक दिवस तरी उपांगाच्या बाहेर जायचं ठरवा. म्वेंडोकासीत, म्हणजे बीआरटीच्या बसमध्ये बसा, गर्दीची वेळ सोडून, किवुकोनीहून किमाराला जाऊन परत या, सगळं शहर दिसतं. बागामोयो रोडवर माकुंबुशो म्हणजे व्हिलेज म्युझियम आहे, देशातल्या वेगवेगळ्या जमातींची घरं बांधून ठेवलीत, मुलाला आवडेल. लांब जायचं तर २०२४ पासून नवी रेल्वे आहे, मोरोगोरोमार्गे डोडोमाला जाते, मोरोगोरोचे उलुगुरू डोंगर बघितलेत की तुम्हाला त्र्यंबककडची आठवण येईल.


रानजाई:

तुम्ही सगळ्यांनी इतकं भरभरून लिहिलंत, काय बोलू. तांबडंफुटलं, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचायला लावली आणि प्रिंट काढून फ्रिजवर लावलीय. माणदेशी, तुरीचं काहीच माहीत नव्हतं, वाचून कसंतरीच झालं.

समुद्रफेस ताई, वॉचमनना शिकामो म्हटलं. ते खुर्चीवरून उभेच राहिले! आता रोज एक वाक्य शिकवतात.

अजून एक विचारायचं होतं. घरकामाला एक मुलगी येते, तिला इथे 'दादा' म्हणतात (स्वाहिलीत बहीण), मला बोलायला फार विचित्र वाटतं पण असो. शेजारणी म्हणतात तिला जास्त पैसे देऊ नकोस, रेट बिघडतात, आणि ताटवाट्या वेगळ्या ठेव. मला ते पटत नाही. नाशिकला आमच्या मावशी आमच्याबरोबर चहा प्यायच्या. काय करू?


समुद्रफेस:

नाही पटत ना, मग करू नकोस. वेगळ्या ताटवाट्या वगैरे अजिबात नाही. हे आपल्याकडून आणलेलं आहे आणि इथल्या लोकांना ते बरोब्बर कळतं, बोलत नाहीत एवढंच. ती टेबलावर बसून चहा पिऊ दे.

आणि पैशांचं रेटवर नाही, कायद्यावर जा. इथला २००४ चा कामगार कायदा घरकाम करणाऱ्यांनाही लागू आहे, आठवड्याला जास्तीत जास्त ४५ तास, आठवड्याची हक्काची सुट्टी, वर्षाला २८ दिवस पगारी रजा. साधा कागद करा, दोघींच्या सह्या, पगार, सुट्टी, आजारपणात काय. एनएसएसएफमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शन फंडात, तिचं नाव घाल, तिच्या म्हातारपणाचं काहीतरी होईल. दूरच्या गावाहून आलेली असेल, बहुतेक असतातच, तर तिला ईद किंवा ख्रिसमसला गावी जायला बसचं भाडं दे. स्वाहिली तिच्याकडून शिक आणि तिला हवं असेल तर तू तिला बँकेचं शिकव, खातं कसं उघडायचं, बचत कशी करायची. बँकेत होतीस ना?

आता तुझ्या कामाचं. डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या परवान्यावर, नोकरी करता येत नाही, पैसे न घेता स्वयंसेवक म्हणून जायचं तरी परवाना लागतो, तेव्हा कुणी म्हणालं 'अगं ये गं शाळेत शिकवायला, काही होत नाही' तरी कागद झाल्याशिवाय जाऊ नकोस, इमिग्रेशनवाले खरंच तपासायला येतात. स्वतःचं वर्क परमिट हवं तर कंपनीने अर्ज करायचा असतो, दोन वर्षांचं मिळतं, पुढे वाढवता येतं, आणि ते काम इथला माणूस का करू शकत नाही हे कंपनीला पटवून द्यावं लागतं. जे रास्तच आहे. अकाउंट्स-फायनान्सवाल्यांना मिळतात, अशक्य नाही, पण वेळ लागतो. तोवर भारतीय उच्चायुक्तालयाचं स्वामी विवेकानंद सांस्कृतिक केंद्र आहे तिथे योग, तबला, नृत्याचे वर्ग असतात, तिथे जायला लाग, तिथे टांझानियन विद्यार्थीही येतात म्हणजे नुसता आपलाच गोतावळा नाही.


पर्जन्यछाया:

मी आता पुण्यात परत आलोय, पण दारला कुटुंबासह होतो. दोन गोष्टी, आणि त्या रानजाईंच्या नवऱ्यासाठी आहेत, त्यांना वाचायला द्या.

एक, घरातल्या सगळ्या सिस्टीम बायकोच्या हातात द्या. तिच्या नावाचं सिम आणि त्यावर एम-पेसा किंवा दुसरं कुठलंही मोबाइल मनी, पासपोर्ट दाखवून होतं. लाइटचं 'लुकू' मीटर प्रीपेड असतं, फोनवरून पैसे भरले की २० आकडी टोकन येतं ते मीटरमध्ये टाकायचं, २०२१ पासून घरपट्टीही त्यातूनच कापली जाते म्हणून युनिट कमी आले की दचकायचं नाही. टँकरवाल्याचा, गॅसवाल्याचा, इलेक्ट्रिशियनचा नंबर तिच्या फोनमध्ये हवा. आपण ऑफिसातून ड्रायव्हर पाठवून सगळं करतो आणि आपल्याला वाटतं तिला त्रास नको, पण त्यामुळे ती त्या शहरात पाहुणी राहते. गाडी शनिवारी तिच्याकडे द्या, भारतासारखंच डावीकडून चालवायचं आहे, लायसन्स करून घ्या. नाशिकमध्ये गाडी चालवणाऱ्या बाईला ओशन रोड काहीच नाही.

दोन, पैसे. नोकरीसाठी भारताबाहेर गेलेल्या माणसाचे त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले तर तो रहिवासी धरला जातो, तेव्हा गेलात त्या वर्षाचं गणित सीएकडून करून घ्या, आणि भारतातलं सेव्हिंग खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं खातं) करायचं राहिलं असेल तर करा. भाड्याचा करार डॉलरमध्ये असेल तर तोही बघा, २०२५ पासून देशातल्या देशात परकीय चलनात भाव लावायला आणि पैसे घ्यायला बंदी आहे.

मुलाच्या मराठीचं कुणी बोललं नाही. वेळेत फक्त अडीच तासांचा फरक आहे, हे अमेरिकावाल्यांच्या नशिबात नाही. तिथे दुपारी चार म्हणजे नाशिकला साडेसहा, आजी मोकळी असते. रोजचा अभ्यास आजीबरोबर फोनवर करायला लावा, आमच्या मुलीचं मराठी वाचन दारलाच पक्कं झालं.


रानजाई:

पर्जन्यछाया, नवऱ्याने वाचलं, काही बोलला नाही पण लायसन्सची चौकशी करून आलाय. आणि गाडी येईपर्यंत थांबले नाही, काल किसुटूला चालत गेले. एकटी. दादा (हो, म्हणायला लागले) सोबत येते म्हणाली होती पण मी म्हटलं आज एकटीच. म्चिचा आणला, भेंडी आणली, भाव केला नाही कारण नमस्कारांतच सगळी स्वाहिली संपली, पण भाजीवाल्या मामांनी वरून मूठभर मिरच्या घातल्या. येताना शहाळं प्यायले रस्त्यात उभं राहून. नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं.

आता माझा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, हसू नका. भाकरी. ज्वारीचं पीठ कुठे मिळतं? भारतीय दुकानातलं पाकीट जुनं असतं, भाकरी थापताना फाटते.


माणदेशी:

यात हसण्यासारखं काय, हा खरा प्रश्न आहे. ज्वारी इथलीच आहे हो, 'म्तामा'. डोडोमाकडे भरपूर पिकते. बाजारात लाल पण असते, ती कडवट लागते, तुम्ही 'म्तामा म्वेउपे' म्हणून मागा, म्हणजे पांढरी. दाणे घ्या, तयार पीठ नको, आणि गिरणीत समोर उभं राहून दळून घ्या, बारीक. मक्याच्या दळणावर लगेच दळू देऊ नका, थोडं दळून ते बाजूला काढायला सांगा. बाजरी 'उवेले', नाचणी 'उलेझी', नाचणीचं पीठ तर कुठेही मिळतं, सकाळी त्याची पेज पितात लोक, मुलाला द्या.


समुद्रफेस:

+१. आणि दळून आणलं की दमट हवेत पीठ आठवड्याच्या वर ठेवू नकोस, फ्रिजमध्ये ठेव, नाहीतर कडू होतं आणि जाळी धरते. इथली ज्वारी आपल्या मालदांडीपेक्षा चिकटपणाला कमी, म्हणून गार पाण्यात मळू नकोस, उकळतं पाणी घालून उकड काढ आणि गरम असतानाच मळ, मग फाटणार नाही. तवा लोखंडीच हवा, तो इथे नीट मिळत नाही, नाशिकहून कुणी येणार असेल तर मागव, आणि त्याच माणसाला कुकरचे रबर दोन-तीन आणायला सांग. एक माझ्यासाठी.